साडेतीन तारे

रायबंदरहून चोडणला फेरीबोट
सात मिनिटं घेते, गर्दी असली तर दहा.
तेवढ्यात एक प्रकरण होतं.
प्रकरणं हल्ली आखूडच असतात.

मी बावन्न वर्षांची, गुडघ्याला पट्टा,
रविवारच्या पानात माझी सव्वाशे शब्दांची जागा:
‘तरुण वाचकांसाठी’.
संपादक म्हणतात, तारे द्या, लोक तारेच वाचतात.
म्हणून देते.

या खेपेची मुलगी सतरा वर्षांची,
मुलगा कॉलेजात नवा, उशिरा आलेला.
तो नेहमी उशिराच येतो
आणि नेहमी तिच्याच शेजारची जागा रिकामी असते.
आधी भांडण, मग लोकांना दाखवायला प्रेम,
मग दाखवलेलं खरं होतं, मग एक गैरसमज
जो एका फोनने मिटला असता,
पण मग उरलेली ऐंशी पानं कुणी छापली असती?

‘त्याचे डोळे समुद्रासारखे निळे.’
मी मान वर करून मांडवी पाहिली.
खनिजाची बार्ज नुकतीच गेलेली,
पाणी उकळून उतरवलेल्या चहासारखं.
‘लेखिकेने समुद्र पाहिलेला दिसत नाही,’
असं लिहिलं आणि खोडलं.
साडेतीन तारे. पाठवून दिलं.

पुस्तक परत करायच्या सकाळी
बोट सुटायला वेळ होता म्हणून पुन्हा चाळलं.
समासातलं मी कधी वाचत नाही;
वाचनालयाच्या प्रतीत लोक काय वाट्टेल ते लिहितात.
पान एकशे चौदा, पेन्सिलीत, डावीकडे कललेलं: ‘खोटं.’
तिथे तो म्हणतो, तुझ्याशिवाय श्वास घेता येत नाही.
पान एकशे तीस: ‘हो.’
तिथे ती अकरा वेळा मेसेज लिहिते, पुसते
आणि शेवटी पाठवते: ‘बरं.’
हेच पान मी परीक्षणात
‘रेंगाळलेलं’ म्हटलं होतं.

पणजीला पोचल्यावर मागची दोन पुस्तकंही काढायला लावली.
फ्लाविया काउंटरवरून म्हणाली,
‘कोणाचें लग्न थारलां गो, बाये?’
त्यांतही तेच अक्षर.
हो. खोटं. खोटं. हो.
एका नायकाच्या कवितेपुढे नुसतं ‘ई’.
मुलगीच असेल, असं मी धरलंय. चुकतही असेन.

मग नव्या पुस्तकाचं पान दोनशे सहा.
तारिणी, नायिकेची मैत्रीण,
जी निरोप पोचवते, विनोद करते, वह्या देते,
तीन ओळींत सांगून टाकते
की तिला वर्गातली इवा आवडते.
नायिका मिठी मारते. गोष्ट लगेच वळते
नायकाच्या मोटरसायकलकडे.
तिथे पेन्सिल इतकी दाबलेली
की मागच्या पानावर अक्षरं उमटलेली, उलटी:
‘आणि हिचं?’

माझ्या परीक्षणात तारिणी नव्हती.
सव्वाशे शब्दांत बसली नाही, असं म्हणता आलं असतं.
मला ती आठवलीच नव्हती.
संपादकांना फोन केला.
‘पान गेलं, बाई. तारे वाढवायचे होते की कमी करायचे?’
मला सांगता येईना.

पुस्तकात लिहू नये,
हे मी एकतीस वर्षं चौथीच्या वर्गाला सांगितलं.
त्या दिवशी पुस्तक परत न करताच निघाले.
बोटीच्या कठड्याला टेकून, मासळीचा हिशेब लिहायच्या पेन्सिलीने
तिच्या अक्षराखाली लिहिलं:
‘विचारायला हवं होतं. मी नाही विचारलं.’
अक्षर थरथरलं, इंजिनामुळे.

दुसऱ्या दिवशी पुस्तक मांडणीत गेलं.
आठवड्याने पाहिलं तर कुणीतरी नेलेलं.
महिना झाला, अजून आलेलं नाही.
‘दंड वाडत आसा,’ फ्लाविया म्हणाली.
वाढू दे, म्हटलं.
मी भरीन.